पहिलवानाचा हात

दि. ३ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आज उत्तराला बसलोय. शिव्या घालायच्या असतील तर आधीच घालून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. गुडघा कसा आहे? डॉक्टर म्हणतो जिने चढू नका आणि तू राहतेस तिसऱ्या मजल्यावर. त्याला म्हणावं, मग रोज येऊन मला उचलून ने.

माझं बरं चाललंय. दुकान उघडतो. आठवड्यात एखादा जुना रेडिओ, एखादा अॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतो. तो मी पुरवून पुरवून उघडतो, नाहीतर उद्या काय करायचं? डावा कान जवळजवळ गेलाच आहे. तुझी वहिनी म्हणते, कान गेलेले नाहीत, तुम्ही ऐकायचं सोडलंय.

आता बातमी. बसून वाच.

गेल्या गुरुवारी दुकानात एक मुलगी आली. पंचविशीची असेल, केस अर्धे काळे, अर्धे निळे. मला वाटलं, हिचा मोबाइल बिघडलाय आणि ही चुकीच्या दुकानात शिरलीय. तिनं पिशवीतून एक रेकॉर्ड काढली आणि काउंटरवर ठेवली. आपली, धाकटे. तिसरी. तेच मातकट कव्हर, आपण सातजण विटांच्या भिंतीला टेकून उभे, तू मधोमध त्या पिवळ्या पँटमध्ये आणि कडेला आपला पहिलवान, ड्रमच्या दोन काठ्या काखेत धरून. फुंकर मारली तर पडेल असा तो माणूस, आणि त्याला पहिलवान नाव ठेवलं कुणी, तर तूच, तुमच्या लग्नाच्याही आधी. मुलीनं फोटोतल्या माझ्या बेस गिटारवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्हीच ना?" मी म्हटलं, "होतो."

ती जुन्या रेकॉर्ड शोधून पुन्हा छापते. छोटीशी कंपनी आहे, ती आणि तिचा एक मित्र. कुणीतरी घर रिकामं करताना टाकलेल्या खोक्यात तिला आपली रेकॉर्ड मिळाली. तिनं ती इंटरनेटवर ऐकवली आणि आता म्हणे लोक वेडे झालेत. मी विचारलं, "लोक म्हणजे किती? तू आणि तुझा मित्र?" तिनं फोनवर आकडा दाखवला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

आपल्या पहिल्या दोन रेकॉर्ड लोकांना आठवतात, त्या अजूनही कुठे कुठे नाचायला लावतात. पण ही? ही तर दुकानदारांनी खोकी न फोडता परत पाठवली होती. तो पेपरवाला काय लिहून गेला होता, तुला पाठ असेल. नाचायला लावणारं फंक वाजवणारा बँड आता झोपेत चालतोय, असं. आणि ही पोरगी मला सांगते की तिन्हींत हीच खरी. "असा जड ताल मी कुठे ऐकला नाही," म्हणते. "ड्रमर प्रत्येक ठोक्याची वाट बघायला लावतो. आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज, सगळं भोगून आल्यासारखा." मग तिनं विचारलं, हे तुम्ही ठरवून केलं होतं का. मी म्हटलं, अडतीस वर्षं झाली, काय आठवणार. मूळ टेप आहेत का, असंही विचारलं. मी म्हटलं, कधीच गेल्या. मग मी चहा मागवला.

तर मुद्दा असा. पुन्हा छापायची तर आपल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. जे गेले त्यांच्या घरच्यांच्या. म्हणजे तुझ्या दोन, एक तुझी आणि एक पहिलवानासाठी. कागद सोबत आहे, खुणेच्या जागी सही कर आणि पाठव. उगाच जुनं उकरून डोळे गाळत बसू नकोस. गेलं ते गेलं.

गुडघ्याला शेक दे.

तुझा,
दादा


दि. १९ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं उत्तर मिळालं. कागदही मिळाला, दोन्ही सह्यांसकट. पण त्यासोबत तू जी अट घातलीस तिच्याबद्दल लिहायला हवं.

तू लिहितेस, रेकॉर्ड काढा पण ह्यांचं नाव कव्हरवर नको. फोटो ठेवा हवं तर, नाव नको. लोक एकदा हसले ते पुरे झालं, मेलेल्या माणसाला पुन्हा त्या भिंतीपाशी कशाला उभं करायचं. आणि वर लिहितेस, "दादा, तू तेव्हा ह्यांना गोदामात चिकटवून दिलंस म्हणून आम्ही तरलो. तुझे उपकार मी विसरले नाही. आता एवढं एक कर."

अगं, हसत नाहीये कुणी. मी तुला लिहिलं होतं ना? तू मागचं पत्र नीट वाचलं नाहीस. लोकांना तोच आवडतोय. त्या मुलीनं मला काय काय वाचून दाखवलं. एकजण लिहितो, मी ड्रम शिकवतो आणि माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हे ऐकवतो. आणखी एकानं लिहिलंय, हा माणूस कोण होता, ह्याचं पुढे काय झालं. ते मी तिला सांगितलं नाही. दुसऱ्या कामाला लागला, एवढंच म्हटलं.

बँडमधला ड्रमरच नाव नसलेला, असं कुठे असतं? सहा नावं आणि एक रिकामी जागा. लोक विचारतील. आणि तो काय म्हणाला असता?

तू म्हणशील दादा नेहमीसारखं माझं मन राखतोय. नाही राखत. खरंच आवडतंय लोकांना, ह्याच्यापुढे मी तुला काय पुरावा देऊ? हट्ट सोड. पुढच्या महिन्याच्या मध्यावर कव्हर छापायला जाणार आहे. त्याच्या आत "ठीक आहे" एवढे दोन शब्द लिहून पाठव.

मी थोडा चिडून लिहिलंय. वहिनीनं वाचलं आणि म्हणाली, तिच्यावर कशाला ओरडता. तिला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस.

तुझा,
दादा


दि. ६ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शनिवार.

तू लिहिलंस, "दादा, तुला हे कधी सांगितलं नव्हतं, तुला वाईट वाटेल म्हणून. गोदामातून आले की चहा घ्यायचे आणि जेवणाच्या टेबलावर रबराचा एक तुकडा ठेवून, तालाची टिकटिक करणारा तो मेट्रोनोम लावून वाजवत बसायचे. रोज एक तास. शेवटच्या आठवड्यापर्यंत. मी म्हणायचे, अहो, बरोबर तर वाजतंय. ते म्हणायचे, आत्ता बरोबर वाजतंय गं, पण मी कुठेतरी घसरतो आणि मला कळत नाही, ती जागा सापडायला हवी. ती सापडलीच नाही. म्हणून म्हणते, नाव नको. त्यांना स्वतःलाच ते वाजवणं सहन होत नव्हतं. लोकांना आवडो की न आवडो, मी स्वतः ऐकलंय, ते ताल मागे ओढत होते."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तो विसरला असेल. नोकरी, घर, मग तब्येत. माणूस विसरतो, असं मी स्वतःला सांगून ठेवलं होतं.

काल वहिनीला सगळं सांगितलं. चाळीस वर्षं संसार केला तिनं माझ्याशी आणि तिलाही माहीत नव्हतं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि तिथून म्हणाली, तिला लिहिल्याशिवाय माझ्याशी बोलू नका. तर लिहितो. एका दमात वाच.

पहिलवान ओढत नव्हता. एकदाही नाही. रेकॉर्डच हळू होती, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळीच्या सगळी. आणि ती मी हळू केली.

तुला आठवतं का, आपण टेप सुरू केली की ऑर्गनवाला आधी एकच सूर अर्धा मिनिट धरून ठेवायचा? तुम्ही सगळे कंटाळायचात, तू जांभया द्यायचीस. तो सूर कशासाठी असायचा, तर ती टेप दुसऱ्या कुठल्या मशीनवर लावली तर ते मशीन बरोबर वेगानं फिरतंय की नाही हे तपासायला. सूर ऐकायचा, कायम तोच एक सूर देणारा ट्यूनिंग फोर्क ठोकायचा, दोन्ही जुळले की मशीन ठीक. इतकं सोपं. ते काम माझं होतं. तुमचं वाजवून झालं होतं. शेवटचं मिक्सिंग करायला मी टेप घेऊन त्या दुसऱ्या स्टुडिओत गेलो, आपला मोठा स्टुडिओ त्या आठवड्यात मिळत नव्हता म्हणून. पहिल्यांदाच कव्हरवर माझं नाव निर्माता म्हणून येणार होतं. मला किती चढली होती ते तुला माहीत आहे. एकच दिवस होता हातात. मी तो सूर ऐकलाच नाही, टेप पुढे पळवली. फोर्क गिटारच्या पेटीत होता, तो पेटीतच राहिला. कान आहेत ना माझे, मला कशाला हवाय फोर्क.

त्या मशीनचं रबरी चाक झिजलं होतं. टेप हळू फिरत होती, म्हणजे ताल मंद आणि सूर खाली. आणि मला ते कळायला हवं होतं, कारण दोन गाण्यांत मला बेस पुन्हा भरायचा होता. मी बेस गिटार लावली तर ती टेपच्या वर लागली. दुसऱ्या कुणीही मशीनकडे बघितलं असतं. मी काय केलं? म्हटलं, थंडीनं तारा ताणल्या असतील, आणि चारही तारा सैल करून टेपला जुळवून घेतल्या. स्वतःच्या हातानं, धाकटे. मग दिवसभर सगळं सुरात होतं आणि मी खूश होतो.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. आडमुठेपणाची, पण चूक. पुढचं चूक नाही.

नऊ दिवसांनी तालमीच्या हॉलवर गिटार बाहेर काढली. मधे तिला हात लावला नव्हता. ऑर्गनवाल्यानं सूर दिला आणि माझी गिटार जवळजवळ एक पट्टी खाली. मी तिथेच समजलो, त्या दिवशी टेपच हळू फिरली होती. रेकॉर्ड अजून छापायला गेली नव्हती, धाकटे. दोन दिवस होते. हॉलच्या दारापाशी भिंतीवर फोन होता. एक फोन केला असता तर काम थांबलं असतं. पण कंपनीवाल्यांनी विचारलं असतं, कोणाच्या हातून झालं, आणि निर्माता म्हणून माझं नाव पहिल्याच फटक्यात गेलं असतं. मी मनाशी म्हटलं, कुणाला कळतंय, घरोघरचे रेकॉर्ड प्लेअर तरी कुठे एका वेगानं फिरतात. आणि तारा पुन्हा ताणून घेतल्या.

मग रेकॉर्ड आली. पेपरात ते छापून आलं. आणि त्या मंगळवारी हॉलवर ट्रंपेटवाला म्हणाला, "काय पहिलवान, झोपला होतास काय?" सगळे हसले. पहिलवान नाही हसला. तो म्हणाला, "मी असं वाजवलेलं नाही रे. हे माझे हात नाहीत." आणि माझ्याकडे बघत राहिला, कारण मिक्सिंगला मी होतो, मला माहीत असणार.

मी म्हणालो, "स्वतःचं ऐकताना सगळ्यांनाच असं वाटतं. तुझा हात जड झालाय, मान्य कर."

तू दारापाशी होतीस, कोट घालून, निघायच्या तयारीत. तू त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. दादा म्हणतोय म्हणजे तसंच असणार. आणि तू मान हलवलीस. ते त्यानं बघितलं. मी त्याला बघताना बघितलं. ह्यासाठी तू स्वतःला दोष देशील हे मला माहीत आहे, म्हणून आत्ताच सांगतो, ती मान मी हलवली. तुझा माझ्यावर विश्वास होता, तो मी त्याच्याविरुद्ध वापरला.

आणि तुझा आवाज. तू आरशात गळा बघायचीस, दोन डॉक्टर केलेस, मग गाणंच बंद केलंस. आवाज जाड झाला, वय दिसायला लागलं, असं तूच सगळ्यांना सांगायचीस. सव्वीस वर्षांची होतीस तू. तुझा आवाज जाड झाला नव्हता. तो मी खाली ओढला होता.

गोदामातली नोकरी मी उपकार म्हणून नाही मिळवून दिली. त्याला रिकामा बसलेला बघवत नव्हतं मला, म्हणून. प्रत्येक पत्रात तू आभार मानायचीस आणि मी ते पत्र घडी घालून पटकन आत ठेवायचो. असा हा तुझा दादा.

मूळ टेप गेलेल्या नाहीत. दुकानाच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात आहेत, पहिल्या दिवसापासून. फेकवल्या नाहीत आणि लावूनही बघवल्या नाहीत. तुझं पत्र आल्यावर मंगळवारी दुपारी दुकान आतून बंद केलं आणि खाली काढल्या. मशीन दुरुस्त करायला अख्खा दिवस गेला, पण ते तर माझं कामच. मग ऑर्गनचा तो सूर ऐकला आणि फोर्क ठोकून उजव्या कानाशी धरला. जुळला. तेव्हा करायचं काम मी आत्ता केलं.

नंतर मेट्रोनोम काउंटरवर ठेवला आणि एकेक गाणं लावलं. चार चार, पाच पाच मिनिटांची गाणी. त्याचा हात आणि मेट्रोनोम कुठेही वेगळे झाले नाहीत. जी जागा तो शोधत होता ती नव्हतीच. तुझा आवाज सुरू झाला तेव्हा मी मशीन बंद केलं, बाहेर जाऊन उभा राहिलो आणि परत येऊन पुन्हा पहिल्यापासून लावलं.

निळ्या केसांच्या मुलीला बोलावून सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "पण काका, लोकांना आवडतेय ती हळूच आहे." खरं आहे ते. ज्या दोषापायी तो संपला, त्याच दोषाचं आज कौतुक चाललंय. ती म्हणते, आता कुठली छापावी तेच कळत नाही, हळू की खरी, की दोन्ही. मी तिला सांगितलं, हे ठरवणारा मी नाही आणि तूही नाहीस. माझी बहीण ठरवेल. म्हणून तुझ्या सह्यांचा कागद परत पाठवतोय. फाडायचा असेल तर फाड, रेकॉर्ड निघणार नाही. खरी काढायला सांगितलीस तर खरी निघेल. काहीही काढलं तरी आत एक पान असेल, त्यावर मी काय केलं ते माझ्या नावानिशी लिहिलेलं असेल. ते लिहून तिच्याकडे दिलंय, माघार घ्यायची सोय ठेवलेली नाही.

फक्त त्याचं नाव काढू नकोस. काढायचंच असेल तर माझं काढायला सांग.

माफ कर, असं लिहिलं होतं. खोडलं. ज्याच्याकडे मागायची तो चौदा वर्षांपूर्वी गेला, स्वतःच्या हातांवर संशय घेऊन गेला. तुझ्याकडे मागायचा मला हक्क नाही, आणि तू स्वभावानं देऊन टाकशील ह्याची भीती वाटते. देऊ नकोस. निदान लगेच नको.

सोबत सीडी आहे, त्या टेपवरून उतरवलेली, बरोबर वेगानं. एकटी असताना ऐकू नकोस, खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलाव. शेवटच्या गाण्यानंतर कुणीतरी मशीन बंद करायचं विसरलं होतं, ते तसंच ठेवलंय. काठ्या खाली ठेवल्याचा आवाज येतो, तू पाणी मागतेस, आणि मग पहिलवान मला विचारतो, "काय रे, पुढे पळालो का मी?" दम लागलेला आहे, पण खुशीत आहे. त्याला मागे पडायची नाही, घाईची काळजी होती. आणि त्याला मी उत्तर देतो. माझाच आवाज आहे, तू ओळखशील. मी म्हणतो, "नाही. जागच्या जागी होतास."

पहिलवानाचा गुन्हेगार, आणि तुझा सख्खा भाऊ